पिवळ्या टाक्यांचं अंगडं

टण्ण.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला. बटणांच्या डब्याचं झाकण निसटून फरशीवर पडलं, गोल गोल फिरलं आणि टेबलाच्या पायाशी आडवं झालं. डब्यात उजेड शिरला. बाकीच्या बटणांना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र तो हादरा नीट जाणवला. जाणवणारच. हादरे ओळखणं हा माझा जन्माचा धंदा आहे.

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. आकाराने म्हणाल तर आगपेटीएवढा, रंगाने काळाकुट्ट, एका कडेला बोल्टसाठी भोक आणि दुसऱ्या कडेला तार खोचायची जागा. बटणांच्या घोळक्यात मी जरा विचित्र दिसतो, हे मला मान्य आहे. एक मोतिया रंगाचं बटण तर मला अजून शेजारी मानत नाही. पण या घरात माझ्यावरून जेवढी वादावादी झाली, तेवढी कुठल्याही बटणावरून झालेली नाही. ती सगळी हकिगत मी तुम्हाला सांगणार आहे, आणि मान ताठ ठेवून सांगणार आहे.

माझा जन्म एका लख्ख स्वच्छ खोलीत झाला. तिथे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका माझ्यासारख्या शेकडो भावंडांना चिमट्याने उचलत, फुंकर न मारता जोडत. जन्मल्या जन्मल्या मला मार बसला. वाईट वाटून घेऊ नका, तीच आमची शाळा. एक छोटी हातोडी यायची आणि ठोका द्यायची. हलका ठोका बसला तर गप्प राहायचं. जोराचा बसला तर लगेच बोलायचं. खडा उडाला, गप्प. गाडी खड्ड्यात आपटली, गप्प. कुणी रागाने बॉनेट आपटलं, तरी गप्प. पण गाडी समोरून खरोखर धडकली, तर पापणी लवायच्या आत आतल्या पेटीला सांगायचं, ‘धडकली.’ माझ्या सगळ्या भाषेत हा एकच शब्द आहे. तो ऐकल्याशिवाय पेटी एअरबॅगला उठवत नाही, आणि एअरबॅग उठून फुगली नाही, तर गाडी चालवणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर कडक स्टिअरिंगशिवाय काही उरत नाही. म्हणजे एकच शब्द, पण वेळेवर बोलावा लागतो. मी पहिल्याच परीक्षेत पास झालो.

मग मला एका पांढऱ्या पिकअप गाडीच्या नाकात, बंपरच्या मागे, लोखंडाला घट्ट आवळून बसवलं. लोखंडाला जे लागेल ते मला लागावं, म्हणून घट्ट. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ती गाडी काचवाल्यांच्या घरी गेली.

या घरात चार मोठी माणसं आणि एक लहान. लहान ती ठकी. तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. तिचे बाबा खिडक्यांच्या आणि दुकानांच्या काचा कापत. तिची आई त्या काचा गाडीत घालून गावभर पोचवी. गल्लीत गाडी उलटी घ्यायची असली, की ती ओठ मुडपून एका हाताने चाक फिरवी, आणि बघणारे आपोआप बाजूला होत. ठकीचा काका वेल्डिंग करी. घराच्या कोपऱ्यावरच त्याचं छोटं दुकान होतं. आणि ठकीची आजी, म्हणजे तिच्या बाबांची आई, काचांना कपडे शिवायची.

हसू नका. काच गाडीतून न्यायची, तर तिच्या कडांना आणि कोपऱ्यांना फोम भरलेली, जाड कापडाची खोळ लागते. आजीच्या हातची खोळ अशी बसायची, की काच आत झोपी जावी. पिवळा जाड दोरा, एकासारखा एक टाका आणि कोपऱ्यावर दुहेरी गाठ. सवयच तशी लागल्यामुळे या घरात झाकलेली नाही अशी वस्तू नव्हती. रिमोटला पिशवी, मिक्सरला झगा, फोनच्या चार्जरला मोजा. बाबा म्हणत, “मी फार वेळ एका जागी बसत नाही. आई मलाही खोळ शिवेल.”

गाडी आली तशी काका तिच्याभोवती फिरू लागला. काचा उभ्या ठेवायला त्याने मागे दोन्ही बाजूंनी लोखंडी घोडे बसवले. मग म्हणाला, “वहिनी, पुढेही एक गार्ड लावू. कुणी पुढून घासलं तरी गाडीला काही होणार नाही.”

“दिसायला चांगला असू दे,” ठकीची आई म्हणाली. “नाहीतर दरोडेखोराची गाडी वाटेल.”

वेल्डिंगच्या उष्णतेने मी बिघडू नये, म्हणून काकाने मला आधी सोडवून घेतलं आणि आजीच्या हातात दिलं. “आई, हे जपून ठेव. नाजूक आहे.”

मित्रांनो, आजीला असं सांगायचं नसतं.

तिने मला तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं, पदराने पुसलं. “एवढासा जीव,” ती म्हणाली, “आणि उघड्यावर? धुळीत? चिखलात?” काकाचं वेल्डिंग संपेपर्यंत माझं अंगडं तयार झालं होतं. खाली फोम, वर फोम, बाहेरून काळं मेणकापड आणि सगळीकडून पिवळे टाके. बोल्टसाठी भोक, तारेसाठी भोक, त्यांनाही काठ शिवलेला. खरं सांगतो, माझ्यासाठी इतकं कुणी कधीच केलं नव्हतं. कारखान्यात मला फक्त ठोके मिळाले होते.

“आई, हे काय?” काकाने विचारलं.

“असू दे. तुझं काय जातंय?”

काकाने हसत मला अंगड्यासकट जागेवर बसवलं. तार जोडली. डॅशबोर्डवर आमचा एक लाल दिवा असतो, तो लागला आणि विझला. विझला म्हणजे सगळं ठीक. पण त्या दिव्याला फक्त तार जोडलेली आहे की नाही, एवढंच दिसतं. मी आणि लोखंड यांच्यामध्ये बोटभर मऊ फोम आलाय, हे त्याला कुठून दिसणार?

मला ते पहिल्याच दिवशी कळलं. रस्ता एकदम लांब गेला. दुसऱ्या खोलीत चाललेलं बोलणं भिंतीतून यावं, तसे खड्डे येऊ लागले. पण मी बोलणार कसा? माझ्याकडे शब्द एकच, आणि तो या कामाचा नव्हता.

तशी काही वर्षं गेली. छान गेली. सर्व्हिसिंगला गाडी शोरूमच्या गॅरेजात जाई. तिथला फोरमन वाकून बघे, फडक्याने माझं अंगडं पुसे आणि म्हणे, “सगळं टकाटक.” ठकी मोठी झाली. कधी कधी आईशेजारी बसून दुकानांच्या पाट्या वाचू लागली.

त्या सकाळी ती गाडीत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत होती. मागे कुणाच्या तरी नव्या दुकानाच्या मोठ्या काचा होत्या. वळणापलीकडे सिमेंट कालवणारी एक अवजड गाडी बंद पडून रस्त्यातच उभी होती, आणि तिच्यामागे तेल सांडलं होतं. ठकीच्या आईने ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही.

धडक बसली. लोखंडाला बसली, गार्डला बसली. माझ्यापर्यंत आली तोवर ती उशीवर हात आपटावा इतकी मऊ झाली होती. शाळेत शिकलो होतो, हलका ठोका, गप्प. मी गप्प राहिलो. पेटी माझ्या शब्दाची वाट बघत राहिली. एअरबॅग घडी मोडून बाहेर आलीच नाही.

पट्ट्याने ठकीच्या आईला घट्ट धरलं, म्हणून जीव वाचला. पण तिचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. भुवई फाटली, मनगट मोडलं. आणि मागच्या काचा? एकीलाही तडा गेला नव्हता. सगळ्या आपापल्या खोळीत जशाच्या तशा उभ्या होत्या.

आमची मोडकी गाडी शोरूमच्या मागच्या आवारात आली, आणि वादाला तोंड फुटलं.

कंपनीचा माणूस कडक इस्त्रीच्या शर्टात आला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “गाडीत बदल केलेत तुम्ही. मागे घोडे, पुढे गार्ड. वॉरंटी लागू होत नाही.”

“घोडे मागे आहेत,” ठकीचे बाबा म्हणाले. “एअरबॅग पुढे आहे. मागच्या घोड्याने पुढचा फुगा अडवला का?”

“गार्डमुळे उघडली नाही. चुकीचं वेल्डिंग. सरळ दिसतंय.”

“तुम्हाला उभ्या उभ्या दिसलं?”

“साहेब, आम्ही रोज बघतो.”

“मग आम्हीही रोज काच कापतो. पण मोजल्याशिवाय नाही कापत.”

कंपनीच्या माणसाला या बोलण्याचं काहीच नव्हतं, पण गावाला होतं. काकाच्या वेल्डिंगमुळे वहिनीला लागलं, ही बातमी चहाबरोबर फिरली. ज्यांनी त्याच्याकडून गार्ड बसवून घेतले होते, ते येऊन काढून घ्या म्हणू लागले. मग काकाने दुकानाला कुलूप लावलं. विशेष म्हणजे तो भांडत नव्हता. एकदा गाडीपाशी येऊन उभा राहिला. पुढे वाकून माझ्याकडे बघितलं. हात लावला आणि काढून घेतला. नवीन फोम, नवे टाके, सगळं त्याला आठवलं असणार. मला वाटलं, आता बोलेल. तो नुसता मान खाली घालून निघून गेला.

ठकीच्या आईला ते गप्प राहणं खुपत होतं. हात गळ्यात बांधलेला, भुवईवर टाके, पण आवाज खणखणीत. शोरूमच्या आवारात उभी राहून ती म्हणाली, “मला भरपाईचं नंतर सांगा. आधी हे सांगा, की चूक कुणाची. माझ्या दिराचं दुकान बंद पडलंय. आमच्यासमोर गाडी उघडा. दोष त्याचा निघाला, तर मी स्वतः गावभर सांगेन. नाही निघाला, तर तुम्ही सांगायचं.”

“मॅडम, इतकं करायची गरज...”

“मी इथेच बसते. मला काय, हात मोडलाय, कामं नाहीत.”

ती खरोखरच बसली, एका जुन्या टायरवर. अखेर कंपनीने तपासणीसाठी एक बाई पाठवल्या. कमी बोलणाऱ्या, केस घट्ट बांधलेल्या. सोबत टेप, दिवा आणि एक छोटी हातोडी. ती हातोडी बघून मला माझी शाळा आठवली.

त्या दिवशी गॅरेजात सगळं घर आलं होतं. ठकी आजीच्या मांडीवर. काका दाराशी, निघून जाता येईल असा उभा. तपासनीस बाईंनी आधी गार्ड मोजला. वरून, खालून, आडवा, तिरका. मग पुन्हा. “गार्ड सरळ आहे,” त्या म्हणाल्या. “जोडही बरोबर जागी आहेत. धडक अडवली नाही याने, पुढे जाऊ दिली आहे.”

ठकीच्या आईने काकाकडे पाहिलं. त्याचा चेहरा काही उजळला नाही. उलट तो आणखी दाराकडे सरकला.

मग बाईंचा दिवा माझ्यावर पडला. “हे काय आहे?”

“सेन्सरचं कव्हर,” फोरमन म्हणाला. “कंपनीचंच असतं.”

“आमच्या कंपनीत असं कव्हर नसतं.”

“असं कसं? आम्ही दर सर्व्हिसिंगला पुसतो. बघा ना किती सुबक आहे. कंपनीशिवाय इतकं नीट कोण करणार?”

“कंपनीचं कुठलं?” आजी एकदम म्हणाली. ठकीला खाली ठेवून ती उठून पुढे आली. चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. “माझ्या हातचं आहे ते. कोपऱ्यावरची दुहेरी गाठ बघा. अशी गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही.”

फोरमनने फडकं खिशात घातलं. आजी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

तपासनीस बाईंनी मला सोडवलं. अंगड्यासकट एका लोखंडी पट्टीवर आवळलं, तार एका दिव्याला जोडली आणि पट्टीवर जोराचा ठोका दिला. मला काही कळलं नाही. दिवा लागला नाही. मग त्यांनी कात्रीने टाके न तोडता, अलगद अंगडं उतरवलं. त्यांच्या त्या अलगदपणाचे माझ्यावर उपकार आहेत. मला उघडं लोखंडाला लावलं आणि तसाच ठोका दिला.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी तो ठोका माझ्या अंगात थेट उतरला. मी बोललो. दिवा भक्कन लागला.

“सेन्सर ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या. हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

“मला माहीत होतं,” काका दाराशी म्हणाला.

“काय माहीत होतं, भाऊजी?”

“अपघात झाला त्याच संध्याकाळी लक्षात आलं. बसवलं तर मीच होतं, अंगड्यासकट.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“काय बोलू? आईच्या टाक्याने वहिनीचा हात मोडला, असं?” तो म्हणाला. “त्यापेक्षा माझं वेल्डिंग वाईट, ते बरं होतं.”

आजीने पुढे होऊन अंगडं उचललं. शिवणीवर शिवण ठेवून नीट घडी घातली आणि मुठीत धरलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, “उघडं होतं म्हणून झाकलं गं.”

“माहितेय, आई,” ठकीची आई म्हणाली.

कंपनीच्या माणसाने तेवढ्यात शर्ट सारखा केला. “चला, म्हणजे आमचा प्रश्न मिटला.”

“कसा मिटला?” ठकीची आई त्याच्याकडे वळली. बांधलेला हातही तिच्याबरोबर वळला. “आम्ही काचवाले. वस्तू दिसली की गुंडाळतो, आम्हाला तेवढंच येतं. चुकलो आम्ही, मोकळेपणाने सांगते. पण तुम्ही गाडीवाले ना? दर सर्व्हिसिंगला तुमच्या माणसांनी ते पुसलं आणि सगळं टकाटक म्हणून गाडी आमच्या हातात दिली. तुमच्यातल्या एकाने जरी विचारलं असतं, की मावशी हे काय शिवलंय, तर आज मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या असत्या.”

फोरमन खाली बघून म्हणाला, “चांगलं दिसलं म्हणून पुसलं.”

“चांगलंच आहे ते,” ती म्हणाली. “जागा चुकली.”

तपासनीस बाई पहिल्यांदा हसल्या. पुढे थोडी खेचाखेच झाली, पण शेवटी वाद असा मिटला: गार्डचा दोष नाही, सेन्सरचा दोष नाही, झाकणं घरच्यांचं चुकलं, न ओळखणं गॅरेजचं. खर्च अर्धा कंपनीने सोसायचा, अर्धा घरच्यांनी. आणि काकाचं वेल्डिंग चोख असल्याचं कंपनीच्या माणसाने काकाच्या दुकानासमोर, चहा पिणाऱ्या सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं. ही अट ठकीच्या आईची होती. तो आला, चहा न घेता बोलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुकानाचं कुलूप निघालं. आता काका गार्ड लावायच्या आधी गाडीच्या नाकात डोकं घालून बघतो, तिथे माझा कुणी भाऊबंद बसलाय का ते.

नियमाप्रमाणे गाडीत नवा सेन्सर बसला. मला ठकीने मागून घेतलं, म्हणून मी या डब्यात आलो.

आजीचं मात्र बिनसलं. घरी आल्यावर तिने रिमोटची पिशवी काढली, मिक्सरचा झगा काढला, चार्जरचा मोजा काढला. घर कसं भादरल्यासारखं दिसू लागलं. सुईला ती हात लावेना. बाबांनी विनोद करून पाहिले, ते वाया गेले. मग एके सकाळी ठकीच्या आईने एका हाताने एक काच भिंतीला टेकत टेकत आजीसमोर आणून उभी केली.

“आई, ही अशीच नेऊ का?”

आजीने काचेकडे बघितलं. काचेत दोघींचे चेहरे दिसत होते, एकीच्या भुवईवर नवी खूण. मग आजी म्हणाली, “माप सांग.” आणि पिवळा दोरा पुन्हा सुईत गेला.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. आम्हा वस्तूंना जरूर जपा, आम्हाला ते आवडतं. पण जपण्याआधी एकदा विचारा, की हिचं काम काय. काचेचं काम न फुटणं, तिला खोळ घाला. माझं काम लागणं, मला लागू द्या. मी नाजूक नव्हतो. मी तयार होतो. आजही कुणी ठोका देऊन बघावं.

तर आज दुपारी झाकण पडलं, ते ठकीमुळे. बाहेर गार वारा सुटलाय आणि तिच्या स्वेटरचं वरचं बटण तुटलंय. आईने तिला मांडीवर घेतलंय. मनगट बरं झालंय, तरी सुई धरताना तिचा अंगठा जरा थांबतो. ठकीने डब्यात हात घातला आणि बटणाऐवजी मलाच बाहेर काढलं.

“आई, याला आजीने शिवलेला कपडा होता ना?”

“हो.”

“मऊ होता?”

“खूप मऊ.”

“म्हणून याला कळलंच नाही.”

“हो गं राणी. हलू नकोस, सुई टोचेल.”

ठकी हलली नाही. आईने बटण लावलं, दोरा तोडला, स्वेटर गळ्यापर्यंत ओढून नीट केला, टोपी कानांवर घेतली आणि वर मफलरही गुंडाळायला लागली. ठकीने मला मुठीत घट्ट धरलं होतं. मफलरच्या आतून तिचा आवाज आला, “मग आई, काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं, ते आधीच कसं कळतं?”

आईने मफलर तिच्या तोंडावरून जरा खाली ओढला.